थांबवलेले शोध

“काका, परत ‘नोंद नाही’च म्हणतंय हो!”

फोनवर खिडकीताई होती. अपघात विभागातल्या नावनोंदणीच्या खिडकीत ती सतरा वर्षं बसत आली होती, त्यामुळे तिचं खरं नाव आता पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. आवाज खणखणीत. फोन कानापासून वीतभर लांब धरला तरी चालायचा.

“काय टाकलंत शोधायला?” काकांनी विचारलं.

“पिवळी टाकी.”

“नावात?”

“नावात कशाला टाकीन? पत्त्यात! म्हाताऱ्याला नाव आठवत नाहीये. सिस्टरने दहादा विचारलं. डोळे मिटून नुसतं ‘पिवळी टाकी, पिवळी टाकी’ करतोय. मी म्हटलं, पत्ता असेल. पण आपलं मशीन बघा, वीस सेकंद गरगरतं आणि म्हणतं, नोंद नाही. आता तुम्हीच काहीतरी करा.”

वीस सेकंद हे शब्द ऐकले आणि काकांना काळजीने घेरलं.

तसं काकांनी काळजी करण्यात काही विशेष नव्हतं. ती रोजचीच होती. काळजी करायला त्यांना कारण लागत नसे, कारण मागाहून सापडायचं. घराचं कुलूप तीनदा ओढून बघायचे, मग खाली उतरून परत वर जायचे. खिशात दोन पेनं, दप्तरात दुसरा चष्मा, आणि त्या चष्म्याच्या घरात पहिल्या चष्म्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. बायको म्हणायची, “अहो, काळजीचा पगार वेगळा मिळतो का तुम्हाला?” त्यावर ते हसायचे, आणि आपण हसलो म्हणून ती रागावली तर नाही ना, याची काळजी करायचे.

लोक त्यांना कार्डकाका म्हणत. तेहेतीस वर्षांपूर्वी ते रुग्णालयाच्या नोंदखोलीत लागले तेव्हा प्रत्येक रुग्णाचं एक पुठ्ठ्याचं कार्ड असायचं आणि भिंतभर लाकडी खण. आडनाव सांगायचा अवकाश, काका चाळीस मोजायच्या आत कार्ड काढून हातात द्यायचे. पुढे कॉम्प्युटर आला. खोलीतल्या बाकीच्यांनी बदल्या मागून घेतल्या. काकांना बदलीचीही भीती वाटली, म्हणून ते राहिले. चाळिशीत डिक्शनरी शेजारी ठेवून एक जाडजूड पुस्तक वाचलं आणि शिकले. आता मुख्य रुग्णालय आणि त्याची सहा उपरुग्णालयं मिळून सत्तर लाख माणसांच्या नोंदी एका डेटाबेसमध्ये होत्या, आणि त्यांतून हवी ती नोंद झटकन निघावी म्हणून कुठल्या रकान्याला कुठल्या प्रकारचा इंडेक्स, म्हणजे शोधसूची, लावायचा, हे काका ठरवायचे. काम तेच होतं. फक्त खण दिसेनासे झाले होते.

आणि ती वीस सेकंदं काकांचीच होती.

झालं होतं असं. एखादा शोध लांबला की मशीन त्यातच गुंतून पडायचं आणि सातही रुग्णालयांच्या खिडक्यांवर रांगा तुंबायच्या. म्हणून चार महिन्यांपूर्वी काकांनी नियम घातला, की वीस सेकंदांत उत्तर आलं नाही तर शोध तिथेच थांबवायचा. कॉम्प्युटरच्या स्क्रीन बनवणाऱ्या पोरीने तेव्हा विचारलं होतं, “काका, शोध थांबवला तर काय दाखवू? ‘शोध अर्धवट राहिला’ असं वेगळं लिहू का?” काका म्हणाले होते, “राहू दे. लोक उगाच गोंधळतील.” मग पडद्यावर दोन्ही वेळा एकच मजकूर यायला लागला. नोंद खरोखर नसली तरी ‘नोंद नाही’, आणि शोध अर्ध्यावर सोडून दिला तरी ‘नोंद नाही’. हे फक्त काकांना आणि त्या पोरीला ठाऊक होतं. पोरगी नंतर दुसरीकडे नोकरीला लागली.

“ताई,” काका म्हणाले, “म्हातारबुवांना घाई कितपत आहे?”

“घाई? अहो, एक वाजता डोकं उघडणार आहेत त्यांचं!”

* * *

परवा संध्याकाळी हा माणूस बसथांब्यावर पडला होता. खिशात चष्मा आणि एक किल्ली, बाकी काही नाही. कागदावर ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे सत्तर’. डोक्यात रक्त साकळलं होतं आणि गाठ वाढत होती, त्यामुळे ऑपरेशन टाळता येणार नव्हतं. पण पोटावर मोठा जुना व्रण होता. भूलतज्ज्ञ डॉक्टर त्या व्रणावर अडले होते.

सिस्टरने फोनवर काकांना सगळं नीट सांगितलं. ती वॉर्डातली जुनी बाई, घाईतही शब्द न गाळणारी. “व्रण आहे म्हणजे याला आधी कधीतरी भूल दिलीये. तेव्हा काय झालं ते डॉक्टरांना हवंय. काही लोकांना एखादं भुलीचं औषध अजिबात सोसत नाही हो, अंग तापून जीवच जातो. याची मोठी बहीण तशीच गेली असं काहीतरी तो पुटपुटतोय, पण त्याचं काय खरं धरायचं? आणि म्हणतोय, ‘इथेच आलो होतो मी.’ म्हणजे कागद आपल्याकडेच असणार. पावणेएकपर्यंत मिळाले तर ठीक. नाहीतर नेहमीची भूल द्यायची आणि हात जोडायचे.”

काकांनी घड्याळात पाहिलं. दहा पस्तीस.

त्यांनी आपल्या टेबलावरून वीस सेकंदांची मर्यादा काढून टाकली आणि स्वतः शोध टाकला. पत्त्यात कुठेही ‘पिवळी टाकी’. मशीनने सत्तर लाख नोंदी पहिल्यापासून एकेक वाचायला घेतल्या. इलाजच नव्हता. पत्त्याच्या रकान्याला काकांनी लावलेला इंडेक्स क्रमवार होता, जुन्या खणांसारखा. सुरुवातीचं अक्षर सांगा, तो नेमका खण उघडून देणार. पण पत्ता सुरू होतो घरक्रमांकापासून, आणि टाकी येते कुठेतरी मधे. मधलं अक्षर सांगून लाकडी खण तरी कुठे उघडायचे?

अकरा मिनिटं लागली. दोन नोंदी निघाल्या. एक पाच वर्षांची मुलगी, एक बाळंतीण.

तेवढ्यात बाहेर खिडक्यांवर ओरडा सुरू झाला होता, कारण मशीन कण्हत होतं. काकांनी दुसरा शोध टाकला, ‘पिवळ्या टाकी’. आणखी अकरा मिनिटं. काहीच नाही.

“सिस्टर, अजून काही म्हणतायत का?”

“आता म्हणतायत ‘मागची गल्ली’. मधेच ‘पाण्याची टाकी’ म्हणाले. सारखं बदलतंय काका. आणि झोप वाढतेय, लक्षात घ्या. गुंगी चढली की हेही बंद होईल.”

काकांनी एक कोरं कार्ड पुढे ओढलं. हो, कार्डच. खण मोडीत निघाले तेव्हा कोऱ्या कार्डांचे सहा गठ्ठे फेकून द्यायचा हुकूम झाला होता. काकांनी ते कपाटात दडवले होते आणि हिशेबीपणाने एकेक वापरत आले होते. कार्डावर त्यांनी लिहिलं: अकरा वाजून तीन मिनिटं. दर शोधाला अकरा मिनिटं. पावणेएकपर्यंत नऊ शोध. नऊ वेळा अंदाज बरोबर यायला हवा, तोही नोंद लिहिणाऱ्या कुणा अनोळखी कारकुनाने टाकी कशी लिहिली असेल याचा.

आणि त्याखाली त्यांनी लिहिलं: तुकड्यांचा इंडेक्स.

* * *

हा तुकड्यांचा इंडेक्स म्हणजे काकांचं दुखणं होतं.

चार महिन्यांपूर्वी बैठकीत खिडकीताईने तो मागितला होता. म्हणजे तिला नाव ठाऊक नव्हतं, तिने गरज सांगितली होती. “आमच्याकडे येणारी माणसं डोकं फुटून येतात. ती पत्ता घरक्रमांकापासून सांगतील का? त्यांना जे आठवतं ते सांगतात. मधलं सांगतात, शेवटचं सांगतात.” काकांना ठाऊक होतं की असा एक इंडेक्स असतो. तो प्रत्येक पत्त्याचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यामागे लिहून ठेवतो की हा कुठल्या कुठल्या नोंदीत आहे. मग पत्त्यातला कुठलाही तुकडा सांगा, नोंद डोळ्याचं पातं लवायच्या आत समोर. पण तो जागा खातो चौपट, आणि नवीन नोंद लिहिताना थोडा वेळ घेतो. काकांनी बैठकीत हीच दोन कारणं सांगितली. वर म्हणाले, “पत्ता मधूनच कोण सुरू करतं हो ताई?” सगळे हसले. ताई नाही हसली.

खरं कारण तिसरंच होतं, आणि ते काकांनी कुणाला सांगितलं नव्हतं. इंडेक्स बांधायचा म्हणजे तो बांधून होईपर्यंत नोंदी नुसत्या वाचता येतात, लिहिता येत नाहीत. नऊ वर्षांपूर्वी काकांनी भर दुपारी असाच एक इंडेक्स बांधायला घेतला होता. पाच मिनिटांत होईल म्हणाले, पन्नास मिनिटं झाली तरी होईना. सगळ्या खिडक्या ठप्प. लोकांनी काच फोडली, संचालकांनी कडक शब्दांत पत्र दिलं, आणि काकांनी कानाला खडा लावला. तेव्हापासून इंडेक्सला हात लावायचा तर रविवारी पहाटे, तोही आधी चार वेळा कागदावर आखून. तुकड्यांच्या इंडेक्सला मात्र रविवारची पहाटही पुरेल की नाही, याची त्यांना धास्ती होती. म्हणून तो विषयच त्यांनी टाळला.

बैठक संपल्यावर ताई जिन्यात भेटली होती. तेव्हा ती आणखी काही सांगायला लागली, पण काका घाईत होते. मग दोन महिन्यांनी पुन्हा भेटली तेव्हा म्हणाली, “काका, मागच्या आठवड्यात एक बाई आलेली. बेशुद्धीत नुसतं ‘जिन्याखालची’ म्हणायची. मी तेही पत्त्यात टाकून बघितलं. नोंद नाही म्हणालं. गेली बिचारी.” काका “अरेरे” म्हणाले होते आणि दप्तरात दुसरा चष्मा आहे ना, ते चाचपायला लागले होते.

* * *

नोंदविभागाच्या प्रमुख मॅडम काकांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान होत्या, हुशार होत्या आणि वाईट नव्हत्या. काका दारात उभे राहिले तेव्हाच त्यांनी ओळखलं की गाडी कुठेतरी अडली आहे.

“काका, घाम का आलाय एवढा?”

काकांनी सांगितलं. सगळं एका दमात, उलटसुलट. मॅडमनी दोनदा थांबवून पुन्हा विचारून घेतलं.

“म्हणजे आत्ता, भर गर्दीत, सातही ठिकाणच्या नावनोंदण्या बंद करायच्या?”

“लिहिणं बंद, मॅडम. वाचता येईल.”

“किती वेळ?”

“अर्धा तास. चाळीस मिनिटं. मला... मला नक्की सांगता येत नाही.”

“न थांबवता बांधता येत नाही का? मी कुठेतरी ऐकलंय.”

“येतो. पण दिवसा तीन तास लागतील. एक वाजता ऑपरेशन आहे.”

“बरं, आणि छोटा काही? अर्ध्या वेळात होणारा?”

हाच प्रश्न काकांना छळत होता. एक मधला प्रकार होता, शब्दांचा इंडेक्स. तुकडे न करता अख्खे शब्द लावून ठेवायचे. पंधरा मिनिटांत झाला असता, आणि कुणी ओरडायच्या आत खिडक्या सुरू झाल्या असत्या. पण पत्ते लिहिणारे कारकून कधी टाकीमागे लिहितात, कधी टाकीजवळ, कधी टाकीच्या बाजूस, कधी घाईत अर्धाच शब्द लिहून टिंब देतात. अख्खा शब्द जुळला नाही की शब्दांचा इंडेक्स हात वर करणार. काकांनी स्वतः वीस वर्षं कार्डं लिहिली होती. आपली कारकुनांची जात कशी लिहिते ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

“आहे एक,” ते म्हणाले. “पण तो लावला आणि सापडलं नाही, तर दुसरा बांधायला वेळ उरणार नाही. तुकड्यांचाच लावायला हवा.”

“मागच्या वेळचं आठवतंय ना तुम्हाला?”

“तेच आठवतंय मॅडम, दुसरं काही आठवतच नाहीये.”

मॅडमनी टेबलावरचा फोन जवळ ओढला. मग म्हणाल्या, “तुम्ही लिहून द्या. मी खिडक्यांना कळवते.”

काकांनी कार्ड काढून लिहिलं, ‘जबाबदारी माझी.’ खालची सही दुसऱ्याच कुणाची वाटावी अशी आली. मॅडमनी ती पाहिली आणि कार्ड खणात ठेवलं.

* * *

अकरा वाजून एकवीस मिनिटांनी काकांनी बटण दाबलं.

मग करायला काही उरलं नाही, आणि हेच सगळ्यांत वाईट होतं. पडद्यावर एक आकडा सरकत होता. चार टक्के. चार टक्के. पाच. काकांनी कोऱ्या कार्डांचे गठ्ठे पिशवीत भरले आणि स्वतः अपघात विभागाच्या खिडकीवर नेऊन दिले. बाकी सहा ठिकाणी मॅडमनी वहीत लिहून घ्यायला सांगितलं होतं.

“हे काय, म्युझियममधून आणलंत का?” ताई म्हणाली.

“नाव, वय, पत्ता, तक्रार, वेळ. नंतर मशीनमध्ये चढवू.”

“मला शिकवू नका, मीही कार्डांवरच सुरुवात केलीये. तुम्ही जा, तुमचा आकडा बघत बसा.”

ती पेन काढून लिहायला लागली. रांगेतला एक गृहस्थ, हाताला फडकं गुंडाळलेला, ओरडत होता की काय धंदा लावलाय. ताई मान वर न करता म्हणाली, “दादा, तुमचं लिहून झालं, आत जा. ओरडायला बाहेरच जागा आहे.” काका तिथे आणखी थांबले नाहीत, त्यांना काच फुटल्याचा आवाज आतल्या आत ऐकू यायला लागला होता.

बारा वाजता त्रेसष्ट टक्के. बारा वाजून पाच मिनिटांनी एकाहत्तर. मग आकडा थांबला.  काकांनी मशीनमधली साठवणीची जागा पाहिली. एकशे नव्वद जीबीपैकी एकशे एक्याऐंशी भरली होती. जागा संपली तर सगळं कोसळणार, बांधलेलंही जाणार, खिडक्याही जाणार. जुन्या चाचण्यांच्या फायली होत्या, आपण जपून ठेवलेल्या, लागतील म्हणून. आयुष्यभर त्यांनी असंच सगळं जपून ठेवलं होतं. त्यांनी एकेक पुसायला सुरुवात केली. पुसताना प्रत्येक वेळी नाव दोनदा वाचत होते, कारण भलतंच पुसलं गेलं तर, ही भीती तर होतीच.

बायकोचा फोन आला. “डबा खाल्लात का?”

“आत्ता नको गं.”

“का? काय झालं?”

“काही नाही.”

“तुमचा ‘काही नाही’ मला पाठ आहे. पाणी तरी प्या.”

काका पाणी प्याले. आकडा बाहत्तर झाला. मग एकदम सुटल्यासारखा पळाला.

बारा वाजून सोळा मिनिटांनी इंडेक्स झाला.

काकांनी सिस्टरला फोन लावला आणि तो खांद्यात धरून शोध टाकायला सुरुवात केली. ‘टाकी मागची गल्ली’, शून्य. नुसतं ‘टाकी’, अकरा हजार. ‘पाण्याची टाकी’ आणि पुरुष आणि साठच्या पुढे, तीनशे बारा. प्रत्येक उत्तर बोट उचलायच्या आत येत होतं. एवढा वेग काकांनी आपल्या हयातीत पाहिला नव्हता, आणि त्याचा आनंद मानायला त्यांना सवड नव्हती. ‘पिवळ’ आणि ‘टाक’, मघाच्याच दोन नोंदी, मुलगी आणि बाळंतीण. आठवा शोध, नववा, दहावा. मग त्यांना आपलेच जुने दिवस आठवले, कार्डावर जागा कमी पडली की आपण काय करत होतो ते. त्यांनी ‘पिव’ आणि ‘टाक’ टाकलं.

त्या दोनांसोबत तिसरी एक नोंद आली. ‘पाण्याची टाकी (पिव.) मागची गल्ली’. पुरुष. आजचं वय एकाहत्तर. चौदा वर्षांपूर्वी पोटाचं ऑपरेशन. खाली एक शेरा, ठळक अक्षरांत: भूल देताना ताप एकदम वाढला, रुग्ण थोडक्यात वाचला, हे औषध पुन्हा देऊ नये.

“सिस्टर, लिहून घ्या,” काका म्हणाले. “लिहून घ्या, मी सावकाश सांगतो.”

बारा वाजून तेवीस मिनिटं झाली होती.

* * *

एक वाजता ऑपरेशन सुरू झालं, दुसरी भूल देऊन. साडेतीनला सिस्टरचा फोन आला की म्हातारबुवा बाहेर आलेत, आणि नोंदीतल्या नंबरवर फोन केला तर त्यांची सून रडत रडत निघालीसुद्धा. काकांचा जीव भांड्यात पडला. मॅडम स्वतः टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, “काका, महिन्याच्या अहवालात हे चांगलं लिहू या. तुमचं ते कार्ड मी फाडून टाकलंय.” खिडकीताईने शहाऐंशी कार्डं आणून समोर आपटली. “घ्या, चढवा. आणि आता मला सांगा, पत्ता मधूनच कोण सुरू करतं?”

या वेळी काका हसले नाहीत, आणि ताईला ते जरा चमत्कारिक वाटलं.

‘महिन्याच्या अहवालात’ हे शब्द त्यांच्या डोक्यात घुसून बसले होते. त्या अहवालात काका दर महिन्याला एक ओळ लिहायचे: ‘लांबलेले शोध थांबवले, त्यामुळे खिडक्यांवरची गर्दी कमी झाली.’ आणि पुढे आकडा. एकदा त्रेपन्न, एकदा एकेचाळीस. आकडा ते मशीनकडून घ्यायचे. कारण प्रत्येक थांबवलेला शोध मशीन एका यादीत टिपून ठेवत होतं, तारीख, वेळ, खिडकी आणि शोधलेला मजकूर. त्या यादीची बेरीज काकांनी चार वेळा केली होती. ती उघडून एकदाही वाचली नव्हती.

त्यांनी यादी उघडली. एकशे अठ्ठ्याऐंशी ओळी. ‘शाळेसमोर’. ‘बेकरीवर दुसरा’. ‘निळं दार’. माणसांनी गुंगीत, वेदनेत, डोळे मिटून सांगितलेले पत्ते, आणि ताईसारख्या कुणीतरी ते मन लावून टाइप केलेले. प्रत्येकाला वीस सेकंदांनी काकांनी सांगितलं होतं, नोंद नाही.

एकशे एकोणिसावी ओळ होती ‘जिन्याखालची’.

काकांनी तीच अक्षरं पत्त्यात टाकली. एका क्षणात सतरा नोंदी आल्या. बायका किती, पन्नाशीच्या पुढच्या किती? चार. मग त्यांनी अनोळखी मृतांचं रजिस्टर मागवलं आणि त्या तारखेच्या आसपासचं पान काढलं. ‘स्त्री, वय अंदाजे साठ, डाव्या मनगटावर भाजल्याची जुनी खूण.’ चारांपैकी तिसऱ्या नोंदीत नऊ वर्षांपूर्वीच्या डॉक्टरने लिहिलं होतं, ‘डावं मनगट भाजलेलं, घरी इस्त्री करताना.’ पत्ता: ‘गिरणीमागे, जिन्याखालची खोली’. नातेवाईक: बहीण. फोन नंबर होता.

तीन दिवस ती बाई या इमारतीत जिवंत होती. नंतर नियमाचे दिवस ठेवून पालिकेने तिचं जे करायचं ते केलं होतं. रजिस्टरात तशी नोंद होती, सही-शिक्क्यासह.

काकांनी रजिस्टर मिटलं. मग मॅडमकडे गेले आणि सांगितलं. या वेळी एका दमात नाही. वीस सेकंदांचं, एकाच मजकुराचं, यादीचं, सगळं क्रमाने सांगितलं.

मॅडमचा चेहरा उतरला. “पोलिसांकडे देऊ, काका. ते कळवतील तिच्या बहिणीला. तशी पद्धतच आहे.”

“ते काय कळवतील?”

“की... ओळख पटली म्हणून.”

“मग तिला वाटेल, आत्ताच पटली,” काका म्हणाले. “मीच करतो फोन, मॅडम.”

“तुम्हाला झेपेल का?”

“नाही झेपणार,” काका म्हणाले आणि बाहेर आले.

साधा फोन करायचीसुद्धा त्यांना भीती वाटायची. विजेच्या दुरुस्तीवाल्याला बोलवायचं असलं तरी आधी कार्डावर मुद्दे काढायचे. आताही त्यांनी कार्ड घेतलं. वरती तारीख घातली. ‘नमस्कार, मी रुग्णालयातून बोलतोय’ असं लिहिलं. त्याखाली काय लिहायचं ते सुचेना, म्हणून तेवढंच घेऊन त्यांनी नंबर फिरवला.

दुसऱ्या घंटेला फोन उचलला गेला. म्हाताऱ्या बाईचा आवाज होता.

“नमस्कार, मी रुग्णालयातून...”

“सापडली का?” तिने विचारलं.

काका उभे राहिले. का उभे राहिले, त्यांनाच कळलं नाही.

“तुमच्याकडे तीनदा येऊन गेले मी,” ती भराभर बोलत होती, जणू थांबली तर फोन तुटेल. “तिचं नाव सांगितलं, तर म्हणाले आत्ता दाखल असल्याची नोंद नाही. म्हटलं, घरीच येईल मग. दाराला कडी नाही लावत मी. तिला हल्ली नाव नाही सांगता यायचं, पण घर बरोबर सांगायची हो. कुणी विचारलं की सांगायची, जिन्याखालची. सांगितलं का तिने?”

“सांगितलं,” काका म्हणाले. “तीन दिवस सांगत होत्या. नोंद होती आमच्याकडे. पूर्ण शोधायच्या आधीच आम्ही शोध थांबवला. मी थांबवला. आणि ताई, त्या आता नाहीत.”

 पलीकडून काहीतरी ओढल्याचा आवाज आला, स्टूल असावं.

“थांबा हं,” ती म्हणाली. “जरा बसते.”

काका फोन धरून उभेच राहिले.